पुन्हा उगवलेली दाढ

प्रिय धाकट्या,

लिहिणारा तुझा थोरला भाऊ; वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चौपन्न, वखारीतील साठा-तपासणी विभागाचा प्रमुख. दवाखान्यातील माझी फाइल आता पुन्हा केवळ माझी झाली आहे, हे कळवण्यासाठी हे पत्र.

गेल्या ऑक्टोबरात तापासाठी मला नको ते इंजेक्शन दिले गेले आणि पाच दिवस यंत्राने माझा श्वास घेतला, हे तुला आठवत असेल. ते औषध मला चालत नाही, ही फाइलमधील तांबडी खूण कोणीतरी पुसली होती. तू उशाशी बसून माझा हात चोळत म्हणालास, “दादा, या लोकांचा काही नेम नाही बघ.” हात तू जरा जास्तच वेळ चोळलास.

जानेवारीत त्याच दवाखान्यात दात दाखवायला गेलो, तेव्हा दंतवैद्याची मदतनीस संगणकाच्या पडद्याकडे पाहून हसली. “काका, नऊ वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेत गेल्या वर्षी सिमेंट भरलंय. परत उगवली की काय?” मीही हसलो, आणि सर्व नोंदी मागवल्या. तेरा भेटी माझ्या नव्हत्या. माझे मोफत उपचारांचे कार्ड तू “झेरॉक्स काढून आणतो, वहिनी” म्हणून नेलेस, त्या आठवड्यापासूनच्या. त्यांतील एका भेटीत तुला विचारले गेले, कुठल्या औषधाचा त्रास होतो का? तू स्वतःपुरते खरे तेच सांगितलेस, “नाही.” तेवढ्याने माझी खूण पुसली गेली.

मी कार्ड बंद केले नाही. फाइलमध्ये तुझा फोन-क्रमांक होता, तो खोडून माझा लिहून घेतला आणि थांबलो. फेब्रुवारीत तू चौदाव्यांदा गेलास.

चार मार्चला अहवाल माझ्या फोनवर आला. जिभेच्या कडेवरील जखमेचा तुकडा तपासला होता. मी आरशापुढे जीभ काढून पाहिली; स्वच्छ होती. हे तोंड माझे नाही, असे दवाखान्याला लेखी कळवले. मग कोणाचे, असे त्यांनी विचारले. माहीत नाही, असे लिहिले. कार्ड त्या दिवशी बंद केले.

आठवड्याने तुझा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणालास, “दादा, तुला दवाखान्यातून काही मेसेज वगैरे आला का रे?” मी म्हणालो, “नाही. का रे?” तू म्हणालास, “काही नाही, सहजच.” एक वाक्य बोलला असतास, तर मी त्याच क्षणी सांगितले असते. निदान मी तसे धरून चालतो.

काल माझी फाइल निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणून आज अहवाल सोबत जोडत आहे. त्यावरील माझे नाव काळ्या शाईने खोडले आहे. कर्करोग आहे. ‘दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया आवश्यक’ असे डॉक्टरांनी खाली लिहिले होते. कालपर्यंत चौदा आठवडे झाले. तुझ्या प्रत्येक भेटीमागे एक. वरचे दिवस टपालाचे धर. जाशील तेव्हा स्वतःचे नाव सांग.

तुझाच,
दादा
साठा-तपासणी कक्ष, वखार
११ जून