तीनशे मीटरवरचं मीठ

३ मार्च. सकाळी ९.
आजपासून पुन्हा कामावर. ही जाऊन पाच आठवडे झाले. मी पूर्ण सावरलो आहे. ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, त्याची काही गरज नाही.
काम: तीनशे मीटर खोल बोअर. तळाशी पाणी वाहतं का, आणि किती, हे सांगायचं. पद्धत सोपी. तळाला मिठाचं पाणी सोडायचं आणि केबलला बांधलेला प्रोब तिथेच लटकवून ठेवायचा. तो खारटपणा नोंदवत राहतो. वाहतं पाणी मीठ घेऊन जातं, म्हणजे खारटपणा जितका झटपट उतरेल तितका प्रवाह जास्त. अट एकच: दहा दिवस कशाला हात लावायचा नाही. प्रोब हलला की पाणी ढवळतं आणि आकडे खोटे येतात.
नव्या लोकांना हे मी वीस वर्षं शिकवतो आहे.

४ मार्च.
मीठ सोडलं. लेक आली आहे, पंधरा तारखेपर्यंत रजा काढून. आईचं कपाट दोघं मिळून आवरू म्हणाली. जरूर म्हणालो. रविवारी नक्की.

६ मार्च.
नुसतं झाकण बघायला साइटवर गेलो. गेलोच होतो म्हणून प्रोब वर घेऊन पुसला. हळू उतरवला तर चालतं.

७ मार्च.
दोनदा पुसला. खारटपणा उतरतो आहे!

९ मार्च. रविवार.
साइटवर. निघताना लेकीने विचारलं, आज सुट्टी ना? म्हटलं, मशीनच्या भरवशावर सोडून चालत नाही. तर म्हणे, मग मशीन ठेवलंय कशाला? घरच्यांना तांत्रिक बाबी समजावणं अवघड.
जीपचा ड्रायव्हर म्हणाला, साहेब, बोअरला ताप आलाय का, सारखं थर्मामीटर लावताय? हसलो नाही.

११ मार्च.
खारटपणा निम्म्यावर. जोरदार प्रवाह. सेमिनारला पेपर होईल. आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगण्याआधी आणखी चार रीडिंग घ्यावीत.
कपाट: उद्या.

१२ मार्च.
केबल गुंतली.

१५ मार्च.
लेक सकाळच्या गाडीने गेली. सोडायला जाता आलं नाही, शेवटचं रीडिंग होतं. तिने समजून घेतलं असावं.

१७ मार्च. दुपारी.
मॅडमनी आलेख पाहिला. उतार कुठे नाही, पायऱ्या आहेत. त्यांनी शेजारी साइटचं रजिस्टर उघडलं. प्रत्येक पायरीच्या वेळेला माझी सही. मधल्या वेळात खारटपणा तसूभरही उतरलेला नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, अहो, खाली पाणी वाहतच नाहीये, तुम्हीच ढवळत बसला होतात. आता पुन्हा मीठ, केबलला सील, दहा दिवस कोणी फिरकायचं नाही. मी तर नाहीच. माझ्या रजेचा अर्ज त्यांनीच भरला.

संध्याकाळी ७.
लेकीला फोन केला. आता दहा दिवस मोकळा आहे, कपाट आवरून टाकतो म्हणालो. ती म्हणाली, ते मी गुरुवारीच आवरलं, शेजारच्या काकूंना बोलावून. मी उघडून पाहिलं नव्हतं. म्हटलं, सांगायचंस, मदतीला थांबलो असतो. ती म्हणाली, मदत नको होती बाबा, तुम्ही हवे होतात.
तळाशी पाणी स्थिर आहे, एवढं सांगितलं.