कांद्याची साक्ष

साकाई, ६ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. सुमिए हिस म्हाताऱ्या बापाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे मी बरा आहे. जेवतो, झोपतो आणि मधल्या वेळात यासुहारुवर ओरडतो, म्हणजे तब्येत उत्तम समज. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय झालं ते कळव. त्या स्वतःहून सांगायच्या नाहीत.

सोबतच्या पुडक्यात एक सुरी आहे. भाजीची, रुंद पात्याची. उघडताना बोटं सांभाळ. तुमच्या बेटावर सुरी करवतीसारखी ओढतात असं तुझी आई म्हणायची. आता काम सांगतो. मांडवात टांगलेला एक मोठा, जुना कांदा घे. नवा कांदा नको, तो गोडबोल्या असतो, कुणालाही पास करतो. पाटावर नाक आणून बारीक चीर. धार खरी असेल तर कांदा चिरडत नाही आणि डोळ्यांना पत्ताही लागत नाही. पाणी आलं तर सुरी नापास. आई करायची तेच.

माझ्या प्रत्येक मागणीतली पहिली सुरी तुझ्या आईच्या, माझ्या हात्सुच्या पाटावरून जायची. नापास झाली की हात्सु ती माझ्या चहाच्या पेल्याशेजारी आणून ठेवायची. मी चहा संपवायचो आणि पुन्हा धारेच्या दगडापाशी बसायचो. फेब्रुवारीत ती गेली, तेव्हापासून मला नापास करणारं कुणी राहिलं नाही. यासुहारुला विचारावं तर तो म्हणतो, काका, अप्रतिम. मी गंजका विळा दाखवला तरी माझा पुतण्या अप्रतिमच म्हणेल.

खरं सांगू? भीती वाटते. नखावर धार टेकवली की ती घसरते की अडते, हे पूर्वी अंगठ्याला आपोआप कळायचं. आता अंगठा नुसता बसून असतो, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा (मासानोरिने हे वाचलं तर त्याला सांग, दुसऱ्या कुणाच्या जावयाबद्दल आहे). घाऊकवाल्यांनी क्योटोसाठी मोठी मागणी दिली आहे आणि त्या सुऱ्यांवर माझं नाव जाणार आहे. हात गेला असेल तर नाव घालणं ही फसवणूक झाली. म्हणून ठरवलंय की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर येत्या ८ नोव्हेंबरला, आपल्या कारागिरांच्या भात्याच्या सणाला, माझे सगळे दगड यासुहारुच्या हाती द्यायचे आणि मोकळं व्हायचं. तू भीड धरू नकोस.

परवा स्वप्नात हात्सु आली होती. पाठमोरी उभी राहून काहीतरी चिरत होती. मी समोर जायला निघालो तर स्वयंपाकघर लांबच लांब होत गेलं आणि ती रडतेय की नाही ते काही दिसलं नाही. सकाळी उठलो तेव्हा ट्राम चालू झाली होती.

उत्तराची वाट पाहणारा,
बाबा


आवाजी, १२ ऑक्टोबर

ती. बाबांना सुमिएचा सा. न., आणि नमस्कारासोबत थोडी धाकधूक.

पुडकं पोचलं. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्या तोंडापेक्षा कमी. हे मी त्यांच्यासमोर बसून लिहितेय आणि त्या हसताहेत.

इथे सध्या सकाळी धुकं असतं. मांडवात टांगलेले कांदे त्यात बुडून जातात. खालून जाताना डोक्यावर नुसती कोरड्या सालींची सळसळ ऐकू येते, कुणीतरी वरच्या मजल्यावर कागद आवरत असावं तशी. समुद्र कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झालं ते उन्हं येईपर्यंत कळत नाही. मला ते बरं वाटतं. त्या वेळात कुणी काही विचारत नाही.

सुरी पाहिली. आधी वर्तमानपत्राचं पान हवेत धरून कापलं, आवाजच झाला नाही. मग मुळा घेतला आणि फिरवत फिरवत त्याचा एकसलग पापुद्रा काढला. पापुद्रा पानावर ठेवला तर खालची हवामानाची बातमी वाचता आली. मासानोरि म्हणाला, एवढं करून पाऊस तर पडणारच आहे.

मग कांदा. सुरी आत गेली ते हाताला जाणवलंच नाही. नाकाला काही झोंबलं नाही. फोडी पाटावर जागच्या जागी राहिल्या, कांदा अजून अख्खाच आहे असं वाटावं इतक्या. पण अर्धा कांदा झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. थांबले, बाहेर जाऊन आले, पुन्हा चिरायला घेतला. पुन्हा आलं.

बाबा, आपल्या घरात धारेबद्दल खोटं बोलत नाहीत, म्हणून लिहितेय. नाहीतर लिहिलं नसतं.

तुमची लेक असल्याचा आज राग आलेली,
सुमिए


साकाई, १७ ऑक्टोबर

चि. सुमिए, आशीर्वाद तेच, जरा ओले आहेत कारण हात पुसायला वेळ नाही.

तुझं पत्र वाचून राग आला नाही असं लिहिणार होतो, पण मग तुझ्या आईने वरून काहीतरी फेकून मारलं असतं. राग आला. दुपारभर यासुहारुशी बोललो नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

मग शांत झालो आणि मागणीतली दुसरी सुरी घेतली. खरखरीत दगडापासून सुरुवात केली. मधला दगड झाला, शेवटचा मऊ दगड झाला, पात्याच्या पाठीवर निघालेली धारेची बारीक कोर हलक्या हाताने उतरवली. पाणी टाकलं की दगडावर राखाडी चिखल होतो, त्यात पातं पुढे-मागे होत राहतं आणि बाहेर काय चाललंय ते कळेनासं होतं. लहानपणी तू माझ्या शेजारी बसून तो चिखल गालाला लावायचीस, आठवतं? तसाच बसलो होतो. संध्याकाळ झाली ती यासुहारुने दिवा लावला तेव्हा समजली.

ही सुरी पाठवतोय. माझ्याकडून याहून चांगली होणार नाही. हिने रडवलं तर माझं ठरलं.

कांदा नीट जुना घे हो.
बाबा


आवाजी, २३ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

आज बातम्या काही नाहीत. सगळ्यात जुना कांदा घेतला. खिडकी उघडी ठेवली होती. वारा पाठीमागून होता.

पाणी आलं, बाबा. या वेळी लवकर आलं.

कदाचित माझेच डोळे बिघडले असतील. घाई करू नका. दगड कुणाला देऊ नका. दोन्ही सुऱ्या माझ्याजवळ ठेवते, त्या कशाही असल्या तरी मला हव्यात.

सुमिए


साकाई, २७ ऑक्टोबर

चि. सुमिएस बाबांचे आशीर्वाद, आणि शाबासकी.

तुला शाबासकी यासाठी की तू दोनदा खरं लिहिलंस. डोळ्यांवर ढकलू नकोस. तुझे डोळे तुझ्या आईचे आहेत, ते कसले बिघडतात.

आज दगड धुऊन मागच्या अंगणात उन्हात ठेवले. जन्मभर ते पाण्यात किंवा ओल्या फडक्यात राहिले. वाळल्यावर त्यांचा रंग बदलतो हे मला आज कळलं. मऊ दगड फिकट पिवळा झालाय आणि मधोमध इतका खोल गेलाय की मांजर येऊन त्यात झोपलं. मी हाकललं नाही. अंगण शांत होतं, मीही तिथेच बसून राहिलो आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

यासुहारुला सांगितलं. तो रडायलाच लागला. त्याला म्हटलं, अरे गाढवा, तुला दगड मिळताहेत, मी मेलेलो नाही. क्योटोच्या सुऱ्यांवर त्याचं नाव जाईल. मी वाकलेली पाती सरळ करीन, मुठी बसवीन आणि दुपारचा झोपीन.

वाईट वाटून घेऊ नकोस. वाईट मला वाटायला हवं आणि ते पुरेसं वाटतंय. हात्सु गेली आणि जाताना माझा हातही घेऊन गेली. लग्नात दिला होता, तिचाच होता म्हणायचा.

तुझा रिकामटेकडा,
बाबा


आवाजी, १ नोव्हेंबर

श्री. तोराकिची मिझोबे यांस विहीण इने हिचा स. न. वि. वि., त्यात विनंती कमी आणि भांडण जास्त.

व्याहीबुवा, मी पत्र लिहिणारी बाई नाही. लग्न ठरवताना एक लिहिलं होतं, त्यानंतर हे. अक्षर लागलं नाही तर यासुहारुकडून वाचून घ्या.

तुमचं शेवटचं पत्र सूनबाईने ओट्यावर उघडं टाकलं होतं. मी वाचलं. चोरून वाचलं म्हणा हवं तर. वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. तुमच्या दोन्ही सुऱ्या घेतल्या आणि मांडवाखाली जाऊन बसले. मी कांद्याच्या घरात जन्मले, कांद्याच्या घरात पडले, पण माझे डोळे कांद्यापुढे आजवर एकदा टिकलेले नाहीत. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिला रडताना बघून लोकांना वाटतं मी हिला मारतो. तर एका सुरीने कांदा चिरला, मग दुसरीने. मग हट्टाला पेटून टोपली संपवली. डोळे ठणठणीत कोरडे! आता चार दिवस घरात कांद्याखेरीज काही शिजणार नाही. मासानोरि तोंड वाकडं करून जेवतोय, त्याचं पाप तुमच्या माथी.

म्हणजे हात तुमचा शाबूत आहे. मग सुमिए का रडते, असं तुम्ही विचाराल. मीही विचार करत होते. काल संध्याकाळी ती टोफू कापत होती. टोफू हो! त्याला ना वास, ना झोंब. आणि हिच्या हनुवटीवरून थेंब पाटावर पडत होते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, सुरी बरोबर नाही.

फेब्रुवारीत आम्ही तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा ही पोर आल्या-गेल्यांचे जोडे सरळ लावत आणि चहा ओतत फिरत होती. डोळ्यांतून टिपूस नाही. परत आल्यावर मी गावभर कौतुक केलं की आमची सून खंबीर आहे. तिथेच माझं चुकलं. एवढं कौतुक झाल्यावर ती बिचारी रडणार कधी आणि कुणासमोर?

मी काही माया करणारी बाई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण काल तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिला जवळ घेतलं. आई, आई करून पुष्कळ वेळ रडली. टोफूचा भुगा झाला.

दगड कुणाला दिलेत तर बोटीत बसून येईन, गुडघे दुखले तरी.

राग मानू नये, मानल्यास लवकर विसरावा.
इने

ता. क. खालचं तिचं तिने लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही. या वेळी खरंच नाही.

बाबा, मी तुम्हाला खोटं लिहिलं नव्हतं. पाणी आलं म्हणून आलं असं लिहिलं. पण पाटावर वाकले की माझ्या हातांच्या जागी आईचे हात दिसायचे, तिचं ते आखूड नखाचं बोट. मग ते पाणी मी तुमच्या सुरीच्या नावावर टाकलं, कारण तसं केलं की पुढे कुणी काही विचारत नाही. तुमचा जीव त्या दगडांत आहे हे ठाऊक असून टाकलं. मला आईची फार आठवण येते, बाबा. एवढंच लिहायचं होतं, ते लिहिता येत नव्हतं. — सुमिए


साकाई, ९ नोव्हेंबर

चि. सुमिए, माझ्या बाळा, तुला आशीर्वाद काय देऊ? सगळेच घे.

काल भात्याचा सण झाला. यासुहारु नवे कपडे घालून दगड न्यायला आला होता. त्याच्या हातात संत्री ठेवली आणि परत पाठवला. गाढव इतका खूश झाला की रस्त्यात तीनदा वळून त्याने वाकून नमस्कार केला. दगड पुन्हा पाण्यात आहेत. क्योटोच्या मागणीला उद्यापासून लागतो. विहीणबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. मासानोरिसाठी मासे पाठवतोय.

विहीणबाईंचं पत्र वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हात गेला असता तर परवडलं असतं असं वाटलं. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की नाकाला काही झोंबलं नाही. अगं, कांदा आधी नाकात शिरतो आणि मग डोळ्यांत, हे साकाईतलं शेंबडं पोरही सांगेल. मी जन्म यात घालवला आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली, कारण मी त्या पत्रात माझा अंगठा शोधत होतो. माझी पोर रडत होती आणि मी पातं घासत बसलो. बापाला क्षमा कर.

यासुहारु गेल्यावर मागणीतली तिसरी सुरी उचलली आणि स्वयंपाकघरात गेलो. सहासष्ट वर्षांत मी कधी कांदा चिरलेला नाही. हात्सु मला पाटाजवळ फिरकू द्यायची नाही. काल वाकून पाटावर नाक नेलं. फोडी अशा जाड्याभरड्या झाल्या की बैलही खाणार नाही. पण साल फाटली नाही, रस सुटला नाही, नाकाला कळलंसुद्धा नाही.

डोळ्यांतून पाणी आलं, बाळा. थांबेचना. अंधार पडेपर्यंत तिथेच उभा होतो.

सुरीत काही दोष नाही.

तुझा,
बाबा