धुक्याचं हस्तांतरण

१२ एप्रिल, सकाळ
मोठ्या कामाची नोंद असावी म्हणून लिहितो. नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेतलं ट्रेनिंग पूर्ण. क्रशरवर बारीक धुकं सोडायचं, दगडाची धूळ जागीच बसते. संशोधन त्यांचं, खदानींपर्यंत पोचवणं माझं. सर्टिफिकेटवर फक्त 'सहभाग' आहे. 'प्रतिनिधी' लिहायला जागा उरली नसावी.
मंजू आमगावला, माहेरी भावाकडे. जाताना म्हणाली, एका तरी खदानवाल्याला मशीन घेऊ द्या, मग बोलवा. अट स्पष्ट आहे. मला स्पष्टपणा आवडतो.

१५ एप्रिल
नोझलचा कोन ३८ अंश. मॅन्युअलमध्ये ४० आहे, पण त्यांना गोंदियाचं ऊन कुठे माहीत. स्वयंपाकघरात ट्रायल घेतली. भिंत ओली, पोहे ओले. धूळ अजिबात नाही. यशस्वी.

१९ एप्रिल
टेकचंदच्या गिट्टी खदानीवर डेमो. धूळ खरोखर बसली. गिट्टी भरणाऱ्या धुरपताबाईने तोंडावरचा पदर काढला. म्हणे, "भाऊ, आज मले समोरचा मानूस दिसून राहिला." हे इंग्रजीत करून प्रयोगशाळेला पाठवायला हवं.
मग नोझल चोंदलं. बोअरच्या पाण्यात लोह. टेकचंद सगळ्यांसमोर म्हणे, "काऊन गा केवळराम, तुया धुक्याले बाटलीतलं पानी पाजू का?" लोक हसले. फिल्टरचं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांच्या स्लाइडमधल्या चुका टिपत होतो.

२१ एप्रिल
प्रयोगशाळेत फोन. मॅडमनी विचारलं, तंत्रज्ञान विकायचं लायसन्स कोणाच्या नावावर. म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे. हा फोन म्हणजेच प्रक्रिया.
मंजूलाही फोन. फिल्टर बसवला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, जेवत जा. यात होकार दिसतो.

२८ एप्रिल
टेकचंदचा फोन, स्वतःहून. मशीन पाहिजे म्हणे. विचारलं, खदानीवर कधी आणू? म्हणे, "खदानीवर कायले? पोरीचं लगन आहे आमगावले. मंडपात पाहुने भाजून राहतील." संशोधनाचा अपमान. नकार देणार होतो. पण आमगाव. शिवाय उद्योगाने तंत्रज्ञान स्वीकारलं हे महत्त्वाचं, जागा हा तपशील.
मंजूला कळवलं: टेकचंद मशीन घेतो आहे. खदानवालाच आहे तो. एक अक्षर खोटं नाही. तिच्या भावालाही लग्नाचं आमंत्रण आहे.

४ मे
धुकं उत्तम पडलं. फिल्टर हाताने सारखा धुवावा लागतो, म्हणून पंपाजवळून हलता आलं नाही. मंजू भावजयीसोबत आली आणि नेमकी नोझलसमोरच्या खुर्चीत बसली. डोळे मिटून, चेहरा वर करून, बराच वेळ. इतकी शांत तिला घरी कधी पाहिली नव्हती.
तेवढ्यात टेकचंद ओरडला, "ओ कूलरवाले, नवरदेवाकडे जोरात सोडा."
तिने डोळे उघडले. मागे, पंपाकडे आली. पंप पाहिला, माझे भिजलेले पाय पाहिले. म्हणाली, "हे खदान हाये का जी?"
लग्नाचा सीझन संपला की खदानीवर लावतो, म्हटलं. ती म्हणाली, जेवून घ्या. आणि पंगतीकडे गेली.
माझं ताट बँडवाल्यांसोबत होतं. भात गार. मंजू भावाच्या गाडीत बसून गेली.
रेल्वेची परतीची दोन तिकिटं काढली होती. शेजारच्या जागेवर पंप ठेवला. टीसीने हरकत घेतली नाही.