गोल बाजारापुरती बॅटरी

वर्धा,
सोमवार, दुपार

प्रिय अक्कू,

पत्र पाहून घाबरू नको. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई हे पत्र घेऊन तुझ्यासमोरच उभी असेल, कुरडयांच्या डब्यासोबत. आपण वाचलं नाही असं ती सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नको. फोन काऊन नाही केला, विचारशील. फोनवर तू "बाबा" म्हटलं की मले पुढचं काही सुचत नाही, आणि मी पाऊसपाणी विचारून ठेवून देतो. शाळेतल्यासारखं शुद्ध लिहायले बसलो तर दोन ओळीतच दम लागतो, म्हणून बोलतो तसंच लिहून राह्यलो. तू मास्तरीण झाली असशील केळझरले, पण बापाच्या पत्रावर लाल पेन चालवायचा नाही.

तर तुझी ती सायकल. लांब दांड्याची, जाड चाकाची, रुंद सीटची. बारावी झाल्यावर नागपूरहून आणली तेव्हा मी हसलो होतो, की ही सायकल आहे का आरामखुर्चीले चाकं लावली. क्रूझर म्हणतात बाबा हिले, असं तू मले शिकवलं होतं. तू गेल्यापासून ती दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमागं उभी होती. मागच्या महिन्यात तुझी आई तुझ्याकडून परत आली आणि जेवता जेवता म्हणाली, अक्कू म्हणत होती, "माझी सायकल कोणी चालवत नसेल तर देऊन टाका कोणाले." बस, एवढंच. देऊन टाका म्हणजे काय? कोणाले देऊन टाका? मी ताटावरून उठलो आणि तुझी आई मागून विचारत राहिली की भाजीत मीठ जास्त झालं का.

दुसऱ्या दिवशी मी सायकल बाहेर काढली, पुसली, हवा भरली आणि बसलो. कोपऱ्यापर्यंत गेलो नाही तं उजव्या गुडघ्यानं सांगून दिलं की शेठ, आता पुरे. म्हणून मोटर. आपला सायकलवाला मोतीलाल आहे ना, तो आजकाल जुन्या सायकलींना मोटर बसवून देतो म्हणे. म्हणे म्हणजे त्यानं आतापर्यंत एकच बसवली होती, तीही स्वतःच्या मेव्हण्याची. आम्ही दोघं मोबाईलवर हिंदीतला व्हिडिओ लावून कामाले बसलो. मोटर मागच्या चाकात, कॅरिअरवर बॅटरी, सीटखाली एक डबा आणि त्या डब्यातून निघालेल्या रंगीबेरंगी वायरी. काय सांगू बापा, लग्नातल्या मंडपात नसतील एवढ्या! व्हिडिओतला पोरगा 'सिंपल है' म्हणत होता आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. पिवळी, हिरवी, निळी, यातली कोणती कोणाले जोडायची हे काही जमेना. शेवटी मोतीलालनं अंदाजानं जोडली आणि स्टँडवरच रेस पिळली. चाक उलटं फिरलं! चाकासोबत पायडलंही उलटी गरगर फिरली आणि एक त्याच्या नडगीवर बसलं. तो लंगडत राहिला आणि मी हसत राहिलो. एवढा कधीचा हसलो नव्हतो.

बॅटरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं सरळ प्रश्न विचारला, "शेठ, जायचं कुठवर आहे?" सरळ प्रश्नाले सरळ उत्तर देता येऊ नये, असा काही मी वेडा नाही. पण म्हटलं, गोल बाजारापर्यंत. भाजी आणायले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, लहान बॅटरी काढली आणि बसवून दिली. भाजी तुझी आई आणते, हे अख्ख्या गल्लीले माहीत आहे.

आता जो येतो तो विचारतो, दारात चांगली चालती स्कूटी असताना हा खटाटोप काऊन? मलेच माहीत नाही. अक्कू, तीन पोळे झाले तुझ्या लग्नाले, आणि या तीन वर्षांत मले साध्या साध्या गोष्टी समजेनाशा झाल्या. दिवाळीच्या आधी तुझा रत्नदीप दुकानात आलता, तुले माहीतच असेल. वाकून नमस्कार केला त्यानं. मी काय केलं? शर्टाचं कापड दाखवलं, गिऱ्हाईकाले दाखवतो तसं. चार थान उलगडले. त्यानंही एक पसंत केलं. मी कापून दिलं आणि पैसेही घेतले. तो गेल्यावर मी चारही थान पुन्हा गुंडाळले. पैसे घ्यायले नको होते का? नसते घेतले तर त्याले वाईट वाटलं असतं का? कोणाले विचारावं? त्यानं तो शर्ट शिवला का, ते कळवजो. रंग जरा गडद झाला. त्याले फिकट शोभलं असतं, पण ते थान वर होतं आणि माझा हात वर गेला नाही.

आणि ते लोणचं. उन्हाळाभर मी आंब्याचं लोणचं खाऊन राह्यलो, यंदा तुझ्या आईचा हात चांगला बसला म्हणून दोनदा तारीफ केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा तुझी आई पदर तोंडाले लावून हसली. बरणी पंचफुलाबाईंची निघाली. तुझ्या सासूच्या हातचं अन्न आपल्या घरात येणार नाही, हे मीच बोललो होतो ना? बाकीचं जे बोललो ते इथं लिहीत नाही, तुले पाठ असेल. बरणी समोर होती, भाकरी हातात होती. मी आणखी एक फोड वाढून घेतली. आता तो माझा नियम मोडला, की लोणच्याले तो लागूच नव्हता, हे तूच सांग.

पंधरा-वीस दिवसांपासून मी पवनारपर्यंत जाऊन येत होतो. सायकल मस्त चालते. आवाज नाही, धूर नाही, गुडघ्याले काम नाही. लोक वळून पाहतात. परवा पवनारले थांबलोच नाही. पूल ओलांडला आणि पुढं निघालो. सेलू आलं. तिथून केळझर किती राहिलं, हे मले सांगायची गरज नाही. दर चतुर्थीले गणपतीले तुले पुढं उभी करून याच रस्त्यानं स्कूटरवर नेत होतो. तू तिथं राहायले गेली आणि माझा गणपतीही सुटला. सेलूच्या चौकात बॅटरीच्या निम्म्याहून जास्त खुणा विझल्या होत्या. मी एक कप चहा घेतला, उठलो आणि सायकल उलटी वळवली. काऊन वळवली? देवाशपथ सांगतो, मले समजलं नाही. तोंड केळझरकडे होतं, मन केळझरकडे होतं, आणि हात वर्ध्याकडे वळले.

पवनारच्या पुलावर बॅटरी संपली. मोटर बंद पडली की ही सायकल पायडल मारायले म्हशीसारखी जड होते. मी कठड्याले लावून ठेवली आणि खाली धामचं पाणी पाहत बसलो. तिथं मले साधा हिशोब सुचला, जो आधी सुचायले पाहिजे होता. सेलूवरून मागं पवनारले यायले जेवढी बॅटरी जळली, जवळपास तेवढ्यातच सेलूवरून पुढं केळझर येतं. म्हणजे वळलो नसतो तर या वेळेले मी पुलावर नाही, तुझ्या दारात असतो. मले तिथं रडू आलं, अक्कू. एक मालवाहू ऑटोवाला थांबला, काका बरं वाटत नाही का म्हणाला. त्यानंच मले आणि सायकलीले घरी आणून सोडलं.

मोतीलालले सांगितलं तर तो म्हणाला, तरी मले वाटलंच होतं, गोल बाजारात एवढी कोणती भाजी असते. मोठी बॅटरी टाकून देतो शेठ, आरामात जाऊन-येऊन पुरेल. मी नको म्हटलं. त्याले वाटलं मी कंजुषी करून राह्यलो. पण मी माझा स्वभाव ओळखतो. जाऊन-येऊन पुरणारी बॅटरी असली तर मी तुझ्या दारातून सायकल स्टँडवर लावायच्या आधीच परत फिरीन, सेलूले फिरलो तसा. ही लहानच बरी. ही केळझरले पोहोचवते आणि तिथं संपते. मग पाच तास चार्जिंगले लावल्याशिवाय माणसाले हलता येत नाही.

येत्या चतुर्थीले सकाळी निघतो. गणपती आधी की तुझं घर आधी, ते अजून ठरत नाही, वाटेत ठरवीन. हे सगळं लिहिलं ते एवढंच विचारायले की तुझ्या घरी चार्जर लावायचा प्लग कुठं आहे. तुझी आई म्हणते, एक आत स्वयंपाकघराजवळ आहे आणि एक बाहेर ओट्यावर. अक्कू, बाहेरचा चालू असला तरी त्या दिवशी मले तो बिघडला आहे असं सांगजो.

तुझाच,
बाबा