चाळीस अंकांचा उजेड

रवि. ९ फेब्रुवारी २००३
बाटली घरात आली. पोलादपूरचे सकपाळशेठ स्वतः घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोराला आणावं तशी. आयुष्य मुंबईच्या हॉटेलांत गेलं त्यांचं, आता नाशकाकडच्या कुणाच्या भागीदारीत लाल वाईन काढतायत. लेबल लावलेली सध्या ही एकच. म्हणाले, "बाय, मुंबैचा फोटोवाला बोलला, अंधारात टॉर्च ब्रशावानी फिरवायची. तुला जमंल काय?" मी हो म्हटलं. पुस्तकात वाचलंय फक्त. हा फोटो पास झाला तर पुढच्या सहा बाटल्यांचे फोटो माझे. बारा वर्षं महाडात लग्नं आणि पासपोर्ट काढतेय, हो म्हणणार नाही तर काय.
रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. ताटावरून उठले नाहीत, पण बोललेही नाहीत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे न बोलणं फार ऐकू येतं.

सोम. १०
अण्णा बोलले. "पौर्णिमेपर्यंत ती वस्तू घराबाहेर गेली पाहिजे. नाहीतर मी कापड्याला जातो." कापड्याला त्यांची चौतीस वर्षांची शाळा आणि चुलतभावाचं घर. ही धमकी नव्हे. अण्णा धमकी देत नाहीत, वेळापत्रक देतात.
त्यांचं चूक नाही. रोज सकाळी पंचशील म्हणतात, पाचवं, मद्य न घेण्याचं, आलं की आवाज चढतो. वसंतकाका गेल्यापासून. काका बिरवाडीला खोली घेऊन राहायचा, कारखान्यात होता, दारूनं गेला. टेंपोत मागे अण्णा बसलेले, धाकट्या भावाचं डोकं मांडीवर. मी नववीत. सगळं आठवतं. तरी बाटली डार्करूममधे फळीवर आहे, फडक्याखाली.

बुध. १२
दु. २. पहिला प्रयत्न, घरी धुता येतो त्या ब्लॅक-व्हाइट रोलवर. खिडकीला काळा कागद, दाराच्या आत जाड काळा पडदा. दाराकडे पाठ करून कॅमेरा, पुढे टेबलावर बाटली. शटर उघडं ठेवायचं आणि मुंडी तेवढी मोकळी ठेवून काळ्या कागदात गुंडाळलेली टॉर्च फिरवायची. मागून पंधरा से., कडांना दहा, लेबलवर पंधरा. एकूण चाळीस. अंगावर काळं हवं, नाहीतर आपणच काचेत उमटतो. पंखा बंद, घामाच्या धारा.
धुऊन पाहिलं. वाईन डांबरासारखी काळी, लेबल जळून पांढरं. मग चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद बाटलीच्या आकारात कापला, मागे लपवून उभा केला. आता आतून जरा उजेड येतो. जरा.

शुक्र. १४
अंक चुकतात. हात माझा, जीभ माझी, पण एकमेकांचं ऐकत नाहीत. बाविसाला हात थांबतो, हात फिरला की बावीस दोनदा होतात. घड्याळ लावावं तर त्याचे हिरवे काटे काचेत दिसतात.
पाचव्या खेपेला गुडघा टेबलाला लागला. बाटली डुलली. अंधारातच झडप घातली, मानेला हात लागला म्हणून वाचली. मी ओरडले असणार. बाहेरून अण्णा: "फुटली?" मी म्हटलं, नाही. "बरं." हे बरं कुठल्या अर्थाचं, तासभर विचार करतेय. लेबलच्या कोपऱ्याला घामाचा डाग, पुसता येईना.

रवि. १६, माघ पौर्णिमा
आजच व्हायला हवं होतं. सकाळी दोघं विहारात जाऊन आलो. घरी येऊन पांढरी साडी सोडली, काळा कुडता, काळी सलवार. अण्णा पांढऱ्या सदऱ्या-लेंग्यातच ओटीवर पेपर घेऊन बसले. कापड्याचं नाव काढलं नाही, पण पिशवी खुंटीवरून खाली आली होती.
रंगीत स्लाइडचा रोल एकच, बारा फ्रेम. मुंबईला धुऊन येणार, तोवर काय झालंय ते कळायचं नाही. फ्र. १ आणि २ अंकांत वाया गेल्या. मी स्वतःलाच शिव्या घातल्या, मोठ्यानं.
तिसऱ्याला शटर उघडलं आणि दारापलीकडून आवाज आला. एक. दोन. तीन. वर्गातला आवाज, न घाई न ओढ. चाळीसला थांबला. मी आतूनच म्हटलं, अण्णा, तुम्ही कशाला? म्हणाले, "मी अंक म्हणतोय. अंक म्हणायला शील आडवं येत नाही."
मग मी 'हं' म्हणायचं, त्यांनी सुरू करायचं. हात मोकळा झाला. दहा फ्रेम. नवव्याला आवाज फार जवळचा वाटला, उकाड्यानं कान बधिर झाले असतील. दहाव्याला पुन्हा दारापलीकडे.
बाहेर आले तर अण्णा ओटीवर, पेपर तोंडापुढे. घसा बसलेला. पाणी दिलं, प्यायले.

सोम. १७
सकाळच्या एस्टीनं पोलादपूरला जाऊन बाटली परत केली. रोल कुरिअरनं मुंबईला. एक दिवस उशीर, अण्णांनी तो मोजला नाही. पिशवी पुन्हा खुंटीवर.

शनि. २२
स्लाइड आल्या. खिडकीशी भिंग लावून बसले. बऱ्याचशा मेलेल्या. चार ठीक, पण मुळमुळीत. आणि फ्र. ९.
राखेखाली निखारा दिसतो तशी वाईन आतून पेटलेली. कडांना दोन सरळ रेघा. लेबलचं अक्षर न् अक्षर, घामाचा डागही वेलबुट्टीत जिरलेला. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो. हे मी लिहितेय, दुसरं कोण लिहिणार.
मग बाटलीच्या खांद्यावर एक उभी पांढरी रेघ दिसली. वाटलं, घात झाला, माझाच पदर. मग ही वही उघडली: १६ तारीख, काळा कुडता. पुन्हा भिंग लावलं. रेघ नाही. सदरा, खाली लेंगा. काचेत उमटलेला, हाताची घडी घालून उभा माणूस, पडद्याच्या अलीकडे.
नववी फ्रेम. दार लोटून घेऊन, पडदा सारून आत आले होते. बाटली आहे त्या खोलीत. मी मागून टॉर्च फिरवत होते, उजेड समोर त्यांच्यावर सांडला असणार. मला कळलंसुद्धा नाही. तिथेच अंक म्हणत माझ्याकडे पाहत उभे राहिले आणि निघून गेले.
खूप रडले. त्यांना दाखवलं नाही.

सोम. २४
सकपाळशेठांना दाखवायला पोलादपूरला. नववीवर खिळले. मग म्हणाले, "असा फोटू मी मुंबैत नाय पायला. पन ह्यो कोन उभा हाय?" नजर आहे माणसाला. बाकीच्या चार नकोत. हीच पुन्हा, माणसाविना. गुरुवारी छापखान्यात द्यायचाय, म्हणून उद्या संध्याकाळच्या गाडीनं स्वतः रोल घेऊन मुंबईला जातायत. नाही जमलं तर काम मुंबईच्या माणसाला. बाटली पुन्हा माझ्या हातात, सोबत स्लाइडचा नवा रोल.
अण्णांनी दारातच टॉवेल ओळखला. आता लपवून काय, स्लाइड आणि भिंग दिलं. चष्मा काढून बराच वेळ बघत होते.
"हा मी?"
"हो."
"म्हणजे मी बिघडवला."
म्हटलं, बिघडवला नाही, तुम्ही मोजलंत म्हणून तर आला. पांढरं होतं म्हणून दिसलात, काळं असतं तर कॅमेऱ्याला कळलंही नसतं. अण्णांनी भिंग नीट पुसून परत दिलं. "पौर्णिमा झाली," म्हणाले. "मी कापड्याचं बोललो होतो." आणि आत गेले.

मंगळ. २५
सकाळी उठले तर पिशवी भरून दाराशी. आणि अंगणात दोरीवर अण्णांचा काळा कोट. ट्रंकेतून काढलेला, डांबरगोळ्यांचा वास घरभर. शाळा तपासायला साहेब आले की घालायचे, आणि गावाला जाताना. कापड्याला निघालेत की आत यायचं आहे, विचारायची हिंमत झाली नाही. नाही म्हणाले तर दोन वाजता फोटो घेताना माझे अंक पुन्हा चुकतील.
कापड्याची गाडी दीडला. आता साडेबारा. अण्णा जेवले, दोनदा घड्याळ पाहिलं. कोट अजून दोरीवर.
खिडकीचा कागद लावला, टॉर्चचे सेल बदलले, बाटली पुसून ठेवली. पडद्याच्या आत एक स्टूल ठेवलंय. गेल्या खेपेला उभे होते.