गायिकेच्या पेटीचा निळा

जर्मनी, रविवार

ती. बाबा,

तुम्हा दोघांना नमस्कार. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा जेवते, स्वेटर घालते. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या डोळ्याची पट्टी निघाली का?

इथल्या म्युझियममध्ये इजिप्तच्या एका गायिकेची शवपेटी आहे, तीन हजार वर्षांपूर्वीची. तिचे मूळ रंग मी कॉम्प्युटरवर परत भरतेय. वरचं व्हार्निश पिवळं पडल्याने पेटी मातकट हिरवी दिसते, पण खास कॅमेऱ्यातून पाहिलं की खालचा निळा लख्ख चमकतो. मी तोच भरला.

साहेब म्हणाले, "फार भडक. लोकांना हे जुनं वाटणार नाही. फिका कर."

मी म्हटलं, "जमणार नाही." त्यांनी पुन्हा सांगितलं, मीही पुन्हा तेच म्हटलं.

माझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. वाढवतील असं दिसत नाही. हे मात्र मोठ्याने वाचू नका.

आपल्या जूचंद्रच्या रांगोळी प्रदर्शनात परीक्षक तुम्हाला म्हणाले होते, देवीचा शालू जरा सौम्य करा. तुम्ही चिमटीतला लाल तसाच सोडत राहिलात आणि मान वर न करता म्हणालात, "आमच्या देवीला हाच लागतो." बक्षीस गेलं. मी शेजारी रंगाची चाळण धरून बसले होते.

ती रांगोळी तिसऱ्या दिवशी झाडून टाकणार होते, तरी तुम्ही रंग फिका केला नाहीत. ही बाई तर तीन हजार वर्षं तिच्या निळ्यात निजली आहे. मी कशी करू?

तुमच्यावरच गेलेली,
अश्लेषा