सृष्टीच्या मानेवरचा मळ

१२ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा डाळीच्या पिठानं घासलं! सृष्टी किंचाळतेय आणि सासूबाईंचा हात काही थांबेना. सात महिन्यांचं लेकरू ते! मानेवर, कोपराच्या घडीत राखाडी, खरखरीत थर साचलाय. "मळ हाय. घासल्याबिगर न्हाई निघायचा." पुढल्या शनिवारनंतरच्या शनिवारी पोखर्णीच्या देवळात सृष्टीचं जावळ – "पाव्हने म्हनतील, आईला लेकरू धुवायला जमंना." म्हणजे बोल शेवटी मलाच.

१३ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. सासूबाई तरी मनगटापर्यंत बाह्यांच्या पोलक्यात. वारा लागू द्या अंगाला, म्हटलं. "असू दे." हट्टी म्हणजे हट्टी!

१५ एप्रिल

दुपट्यावर रक्ताचे ठिपके. खाजवून खाजवून पोरीनं मान सोलली. मला रडूच आलं. मळाला खाज सुटते का? नवऱ्याला, महारुद्रला विचारलं. "आईला इचार." मोठा आला श्रावणबाळ! सासूबाईंना विचारलं. "सुटती," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

१६ एप्रिल

कुणाला न विचारता पाथरीहून एसटी धरली, परभणी गाठली. डॉक्टरीणबाईंनी मानेवरून बोट फिरवलं. "हा मळ नाही, इसब आहे. गोऱ्या अंगावर लाल दिसतो, सावळ्यावर असा राखाडी. म्हणून फसायला होतं." पीठ बंद, घासणं बंद. कोमट पाणी, अंग ओलसर असतानाच साधं मलम, चट्ट्यांना वेगळं. "घरात आणखी कुणाला?"

"कुणालाच न्हाई," मी ठणकावून सांगितलं.

१७ एप्रिल

पिठाचा डबा लपवला. भांडायची तयारीही करून ठेवली होती! सासूबाईंनी डबा शोधलासुद्धा नाही. नुसत्या विचारत राहिल्या – "मळ न्हाई म्हनली डाक्टरीन? खरंच?"

२३ एप्रिल

सृष्टी झोपतेय. मीही.

२६ एप्रिल, शनिवार

जावळ झालं. खाज गेलीय, पण मानेचा काळपटपणा अजून आहे. मामेसासूबाईंनी टोकलंच – "लेकरू धुता का न्हाई गं?" मी तोंड उघडणार तोच सासूबाई कडाडल्या – "मळ न्हाई त्यो! इसब हाय!" पुजारीसुद्धा वळून बघायला लागले.

२७ एप्रिल

सृष्टीला मलम लावत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि बाही वर सारली. कोपराच्या घडीत तोच राखाडी थर, जाड, भेगाळलेला.

"लगीन झाल्यापास्नं टाचंच्या वजरीनं घासायलेय," म्हणाल्या. "जरा मला बी लाव की."